हाजराबीनं कापलेली पट्टी

निलंग्यात हाड मोडलं की माणूस आधी हाजराबीचं दार ठोठावायचा, मग देवाचं. मोठा दवाखाना बीदरला, आणि निजामाच्या राज्यातल्या त्या रस्त्यानं बैलगाडीतून नेलं तर एकाची दोन हाडं व्हायची. हाजराबीला हे काम वडिलांनी शिकवलं. पोत्यात बकऱ्याची हाडं घालून वरून चाचपायला लावायचे, मग घरातल्या प्रत्येकाचं कोपर. कोपरावर हाडाची तीन टोकं लागतात. हात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो, सरळ केला की ओळ. त्रिकोण बिघडला तर सांधा निखळलेला. तो शाबूत असून हात सुजला, तर बहुधा दंडाचं हाड मोडलेलं. वडिलांचा एक दंडकही होता: बांधलेली पट्टी पुढच्या जुम्म्याआधी सोडायची नाही. सोडली तर हाड सरकतं आणि बांधणाऱ्याचं नाव जातं.

पंचमीच्या झोक्यावरून माधवराव मास्तरांची लहानगी कुसुम पडली. कोपराच्या जरा वर हाड मोडलं होतं. हाजराबीनं ते बसवलं, उडदाचं पीठ अंड्यात कालवून लावलं आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. सूज अजून चढायची होती, हे तिनं धरलंच नाही. दुसऱ्या दिवशी कुसुमची आई विमलबाई पोरीला उचलून घेऊन आली. नखं निळी, बोटं गार. टोचलं तरी पोरीला कळत नव्हतं.

ओसरीवर माणसं जमली आणि जो तो दंडकाची आठवण देऊ लागला. दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर धीर धरण्यात आमचं गाव पटाईत. हाजराबी बोटं धरून बसली होती. मग म्हणाली, "लई आवळलं मी. हाड सरकलं तर सरकू द्या." आणि तिनं कात्री घेऊन पट्टी कापली.

बोटांत रंग परतला, पोर कळवळून रडली, तेव्हा विमलबाईंच्या जिवात जीव आला. हाड मात्र सरकलंच. हात कोपरात वाकडा जुळला.

पुढं कुसुमला बघायला आलेले पाहुणे तो हात बघून परत जायचे आणि बोल लागायचा हाजराबीला. तिनं कधी खुलासा केला नाही. लोक जळकोटच्या हाडवैद्याकडं जाऊ लागले. गावाच्या ह्या वागण्याचा मला अजून राग येतो. कुसुमचं लग्न उशिरा का होईना, देवणीत झालं.

निजामाचं राज्य संपायच्या आदल्या वर्षी ती माहेरी आली असताना तिच्या पोराचं कोपर निखळलं. सगळे जळकोटला न्या म्हणत होते. ती थेट हाजराबीकडं गेली. म्हातारीनं हात मागं घेतले. आपल्या हातानं तुझं एकदा नुकसान झालंय, दुसरीकडं ने, म्हणाली.

कुसुमनं पोराला म्हातारीच्या मांडीवर बसवलं.

"खाला, वाकडा हाय, पण हात हाय," ती म्हणाली. "ह्याच हातानं ह्याला उचलून आणलंय."