मायापुरीत सापडलेली डॅनियलची चॅसी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचताना मनात हसतो. भूत, भास, संकेत यांवर माझा कधी विश्वास नव्हता. आयुष्यभर सरकारी खात्यात वायरलेस सेट दुरुस्त केले. बिघाड आहे म्हणजे कारण आहेच, ही सवय. मग टाळलं का? कारण हा अनुभव सांगायचा तर माझा खोटेपणाही सांगावा लागतो.

नव्वदीची मधली वर्षं. आम्ही दिल्लीत मयूर विहारमध्ये एका सोसायटीत राहत होतो. केंद्र सरकारची नोकरी करणारी मराठी कुटुंबं तिथे बरीच होती. त्यातलाच एक डॅनियल, मूळचा नगरचा, माझ्याच खात्यातला आणि माझा सगळ्यात जवळचा मित्र. इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. रविवारी चर्चमध्ये आणि भाद्रपदात आमच्या गणपतीत. पण त्याच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ढोलकीपुढे ऐकूच येत नसे. बाजारात तेव्हा जपानी कीबोर्ड आणि चकचकीत स्पीकर यायला लागले होते. डॅनियलला मात्र व्हॉल्व्हचाच, म्हणजे जुन्या रेडिओत तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचाच, अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, तोही स्वतः बनवलेला. "ट्रान्झिस्टरचा आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा येतो रे दत्ता," म्हणायचा.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर लाजपतराय मार्केटमध्ये मिळाले. अडलं ते चॅसीवर. चॅसी म्हणजे ज्या पत्र्याच्या पेटीवर हे सगळं उभं राहतं आणि जिच्या पोटात वायरिंग होतं, ती. ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने वाकणार नाही असा जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि तो काटकोनात वाकवून देणारा माणूस, दोन्ही एकाच ठिकाणी मिळेनात. एकदा त्याने बायकोचा, म्हणजे मार्था वहिनींचा, केकचा ट्रे टेप लावून मोजला. वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "त्याला भोक पाडलंस तर नाताळला तुलाच भाजीन."

शेवटी ओखल्याला कुणीतरी त्याला हवी तशी चॅसी वाकवून, कोपरे जोडून दिली. डॅनियलने आतल्या बाजूला खिळ्याने मुलीचं नाव कोरलं: रूथ. सुताराकडून लाकडी पेटीही करून घेतली, पुढच्या फळीला बटणांची भोकं पाडून. चॅसीला भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या मेहुण्याचं नोएडात वर्कशॉप होतं. भोकांचा नकाशा हातात देताना डॅनियल म्हणाला, "हा खालून बघितलेला आहे हं. आतून चिकटव."

व्हॉल्व्हच्या कामात ही साधी गोष्ट आहे. वायरिंग खालून करतात म्हणून नकाशाही खालून काढतात. मला हे पाठ होतं. तरीही त्या दिवशी मेहुण्याशी क्रिकेटच्या गप्पा मारता मारता मी तो कागद वरून चिकटवला आणि सगळी भोकं पाडून मोकळा झालो. मापासाठी सोबत नेलेल्या लाकडी पेटीत बसवून पाहिली, तर सगळं आरशातल्यासारखं! डावीकडचं उजवीकडे. बटणांच्या दांड्या लाकडावर आपटत होत्या.

मी घाबरलो. चॅसी दारावर आलेल्या कबाडीवाल्याला देऊन टाकली आणि संध्याकाळी डॅनियलकडे गेलो. गणपतीची मीटिंग त्याच्याच घरी होती. आमचे सांस्कृतिक सेक्रेटरी बापट म्हणाले, "काय डॅनियल, तुझा तो दिवे लावलेला रेडिओ कधी वाजणार?"

मी म्हणालो, "कसला वाजतोय! याने नकाशाच उलटा काढला. पत्रा फुकट गेला."

सगळे हसले. मार्था वहिनींनी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. डॅनियलने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असेल. माझ्याकडूनच झालं असेल."

बापटांनी गणपतीच्या कार्यक्रमातली त्याची वेळ कीबोर्डवाल्या ऑर्केस्ट्राला देऊन टाकली. पुढचे कित्येक दिवस त्याच्या घरातून गिटार ऐकू आली नाही. ऑफिसात कुणी काही दुरुस्तीचं विचारलं तर म्हणायचा, "दत्ताला विचारा, माझं हल्ली चुकतं." ते ऐकवत नसे. खरं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी निदान नवी चॅसी शोधायचं ठरवलं.

एका रविवारी सकाळी मी मायापुरीच्या भंगार बाजारात गेलो. मोटारींची दारं, इंजिनं, बसची सीटं… पायाखाली काळं तेल. एका ढिगापाशी रेंगाळलो तेव्हा दुकानदार ओरडला, "बाबूजी, कब से लोहा सूँघ रहे हो, चाहिए क्या?"

"अल्युमिनियम का डिब्बा. जैसा पुराने रेडियो के नीचे होता है."

"अरे, वो तो सुबह से पाँव में आ रहा है!" असं म्हणत त्याने पायानेच एक पत्रा माझ्याकडे सरकवला.

मी उचलला. तोच जाड पत्रा. तेच जोडलेले कोपरे. माझं ड्रिल एकदा घसरलं होतं, त्याचा चंद्रकोरीसारखा ओरखडाही होता… पण दुसऱ्या बाजूला. भोकं मोजली. सगळी नकाशाबरहुकूम, जिथे हवी तिथे. उलटी करून आत पाहिलं. खिळ्याने कोरलेलं नाव होतं — रूथ. आरशात दिसावं तसं, उलट्या अक्षरांत.

मी ती सुलटी केली, पुन्हा उलटी करून पाहिली. दुकानदार म्हणाला, "क्या हुआ, पसंद नहीं आया?"

बसमध्ये ती चॅसी मांडीवर घेऊन मी घरी आलो आणि तसाच डॅनियलकडे गेलो. त्याने ती हातात घेतली, फिरवली, आत पाहिलं. नावावरून अंगठा फिरवला.

"कुठे मिळाली?"

"मायापुरीला."

"अच्छा," एवढंच म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "चल यार, सोल्डरिंग आयर्न लाव."

कानस एकदाही लावावी लागली नाही. पेटीत चॅसी बसली ती डब्याला झाकण बसावं तशी. मी बापटांकडे जाऊन भांडलो आणि डॅनियलची वेळ परत मिळवली.

आणि काय वाजवलं त्याने! आरती झाली, मंडपात खुर्च्या भरल्या. दिल्लीची लाइट गेली नाही, हाच अर्धा चमत्कार. व्हॉल्व्ह केशरी तापले, त्याने पहिला सूर छेडला आणि ऑर्केस्ट्रावाली पोरं आपापली वाद्यं सोडून पुढे येऊन बसली. जुनी भावगीतं, मग एक लावणी. बापट स्वतः शिट्टी मारत होते. मार्था वहिनी आणि माझी बायको एकमेकींचे हात धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "वन्स मोअर" थांबेचना. दिल्लीतल्या तीस-पस्तीस वर्षांत मी इतका आनंद एका मंडपात पाहिला नाही.

शेवटी डॅनियलने माईक घेतला. "माझा नकाशा चुकला होता. हा दत्ता मायापुरी पालथी घालून चॅसी घेऊन आला, म्हणून आज वाजवू शकलो. टाळ्या त्याच्यासाठी." सगळा मंडप माझ्याकडे वळला. आणि मी… हात जोडले.

तो अ‍ॅम्प्लिफायर आज गुडगावला रूथकडे आहे. अजून उत्तम वाजतो. मी भिंगाने तपासलाय. पत्रा पुन्हा वाकवल्याची रेघ नाही, बुजवलेलं भोक नाही. कुणी हुबेहूब दुसरी बनवली म्हणावं, तर ते नाव कोण कोरणार, आणि तेही उलटं?

निवृत्तीनंतर डॅनियल नगरला गेला. तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा सांगायचंच असं ठरवून गेलो. खाटेशेजारी बसून दुपारभर ट्रान्सफॉर्मरबद्दल बोललो आणि परत आलो. पुढच्याच महिन्यात तो गेला.

तेव्हा जे बोलायचं होतं ते एवढंच: डॅनियल, तुझा नकाशा बरोबर होता. तू सांगितलं होतंस, मी ऐकलंही होतं. चूक मी केली आणि चारचौघांत, वहिनींसमोर, तुझ्यावर ढकलली. मला माफ कर रे.