लेनकाकांची दोन युद्धं

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. बाहेर मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावचं फेब्रुवारीतलं पांढरं, मुकं ऊन पडलं होतं. वृद्धाश्रमातल्या नर्सने हलक्या आवाजात सांगितलं, की नाश्ता झाल्यावर लेन खिडकीपाशी खुर्चीत बसले, त्यांनी डोळे मिटले आणि ते पुन्हा उघडलेच नाहीत. माझा नंबर त्यांनीच लिहून ठेवला होता, नात्याच्या रकान्यात ‘शेजारीण’ असं. मी थँक यू म्हटलं, पुन्हा मीटिंगमध्ये गेले, कुणी काही विचारलं त्याचं उत्तरही दिलं... आज पाच आठवडे झाले. काय उत्तर दिलं ते अजून आठवत नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं, तेव्हा शेजारच्या घरात ते एकटेच राहायचे. ऐंशी ओलांडलेली, तरी पाठ ताठ. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, मेंढ्या पाळणाऱ्यांच्या मुलखातले. दोन युद्धं लढलेले. एकोणिसाव्या वर्षी कोरिया, पस्तिशीत व्हिएतनाम. व्हिएतनाममध्येच त्यांना मार्था भेटली, मिनेसोटाची नर्स. तिच्यासाठी सैन्य सोडून ते इथे आले आणि पुढे वीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आम्ही येण्याआधीच मार्था गेली होती. मूलबाळ नव्हतं. इतक्या मोठ्या माणसाला नुसतं ‘लेन’ म्हणायला माझी नागपुरी जीभ वळेना, म्हणून मी लेनकाका म्हणू लागले. अर्थ विचारून घेतल्यावर म्हणाले, इतक्या वर्षांनी बढती मिळाली म्हणायची.

पहिल्याच हिवाळ्यात माझी तीन वर्षांची ईरा घरासमोरच्या बर्फावरून चालत होती. मी मागून दोन्ही हात पसरून म्हणत होते, “हळू... हळू...” लेनकाका फावड्याने बर्फ काढत होते. ते थांबले. फावडं तसंच बर्फात रोवून जवळ आले आणि म्हणाले, “तू तिला सारखं हॅलो का म्हणतेस?”

मी हसून म्हटलं, हॅलो नाही, हळू. म्हणजे सावकाश, जपून. आमच्या मराठीत. फावडं तिथेच सोडून ते वळले. आत निघून गेले. वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि सांगितलं. कोरियातल्या एका डोंगरावर त्यांच्या मांडीत लोखंडाचे तुकडे घुसले होते. स्ट्रेचरवरून त्यांना खाली आणणाऱ्यांमध्ये हिंदुस्थानी वैद्यकीय तुकडीतला एक मिशीवाला जवान होता. धुकं होतं, उतार निसरडा होता. तो जवान त्यांचा हात धरून चालत होता आणि वाटभर म्हणत होता, हॅलो, हॅलो... शुद्ध हरपत असताना त्यांना वाटलं, हा आपल्याला परत बोलावतोय. पुढे साठ वर्षं त्यांची समजूत होती, की ती एखादी प्रार्थना असावी.

“म्हणजे तो मला नव्हे, स्ट्रेचर उचलणाऱ्यांना सांगत होता,” ते म्हणाले. त्यांनी कपातला चहा ढवळला. मग म्हणाले, “तरी प्रार्थनाच ती.”

त्या दिवसापासून पहिलं युद्ध आमच्या स्वयंपाकघरात येजा करू लागलं. पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन ते त्या डोंगरांबद्दल बोलायचे, थंडीने गोठलेल्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल, धुक्यात दिसेनाशा झालेल्या मित्रांबद्दल. ईरा ‘लेन आजोबा, then what happened?’ म्हणत मांडीवर चढायची. दुसऱ्या युद्धाचं मात्र नाव नाही. मीही कधी विचारलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्यांचं लायसन्स गेलं. दर गुरुवारी त्यांना फिजिओथेरपीला मी ड्राइव्ह करू लागले. वाटेत एक छोटं व्हिएतनामी हॉटेल लागायचं. तिथून गाडी जाताना ते काच वर करायचे. एका गुरुवारी काच खालीच राहिली. रस्सा उकळल्याचा वास आत आला, चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं... मला तर आईच्या मसाल्याची आठवण झाली. त्यांनी गाडी पार्किंगमध्ये घ्यायला सांगितलं आणि बसल्या जागी बोलू लागले.

एक गाव रिकामं करायचा हुकूम होता. लोकांना दुसरीकडे नेऊन घरं पाडायची होती. एक म्हातारी चुलीपासून उठेना. चुलीवर रस्सा होता, तो होईपर्यंत थांबा म्हणत असावी. लेनकाका सार्जंट होते. त्यांनी तिला उचलायला सांगितलं. ओढाताणीत भांडं कलंडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. जमिनीवर जिरणाऱ्या रश्शाकडे नुसती बघत राहिली.

“एवढंच,” ते म्हणाले. “मी याहून वाईट पुष्कळ पाहिलं. पण हाच वास राहिला.”

मग ते दार उघडून उतरले.

हॉटेलची मालकीण सत्तरीची, बुटकी, चपळ बाई. तिच्या गल्ल्यामागे लहानसा देव्हारा होता. उदबत्ती, दोन संत्री आणि एका तरुणाचा जुना फोटो. तिने दोन वाडगे आणून ठेवले. लेनकाकांनी चमच्याला हात लावला नाही. म्हणाले, “मी तुमच्या देशात होतो. सैनिक म्हणून.”

तिने कुठे ते विचारलं. त्यांनी प्रांताचं नाव सांगितलं. तिचं गाव तिथून जवळच होतं. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगेल.

“गार होईल,” ती म्हणाली. “खा.”

त्यांनी वाडगा रिकामा केला. त्यानंतर सहा वर्षं आमचा एकही गुरुवार चुकला नाही. वृद्धाश्रमात राहायला गेल्यावरही नाही. ते त्या फोटोकडे तोंड करून बसायचे. त्या दोघांत युद्धाचा विषय पुन्हा निघाला नाही. बोलणं व्हायचं ते गुडघ्यांचं, बर्फाचं, पुदिना महागल्याचं.

ते गेल्यानंतरच्या गुरुवारी मी एकटीच गेले. मला पाहून तिने सवयीने दोन वाडगे भरले. मी सांगितलं. ती हात पुसत समोर बसली आणि म्हणाली, “त्यांचं नाव काय होतं?”

सहा वर्षांत तिने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. मी लेनकाका म्हणणार होते, पण मग पूर्ण नाव सांगितलं, लेनर्ड. तिने बिलाच्या पॅडवर ते लिहून घेतलं, स्पेलिंग मला दाखवून खात्री केली. मग कागद फाडून देव्हाऱ्यात त्या तरुणाच्या फोटोशेजारी उभा केला आणि नवी उदबत्ती लावली. तो फोटो कुणाचा, हे मी त्या दिवशी विचारलं. तिचा भाऊ, ती म्हणाली. एकोणीस वर्षांचा होता.

मी अजून गुरुवारी जाते. कधी ईराही येते. काचेवर वाफ धरते, बाहेरचं पार्किंग, गाड्या, बर्फ, सगळं विरघळल्यासारखं होतं... बाई दुसरा वाडगा आणते, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवते आणि तो गार होईपर्यंत तिथून हलवत नाही.