दोन घरांचं प्यादं

"चूक हाय. दुरुस्त करून घ्या." गुरुजी हे वाक्य लाल पेनाचं टोपण काढतानाच म्हणायचे, चूक सापडायची नंतर. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, देवळातली छापील आरती, कशाचीच सुटका नव्हती. झरीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पेन काही झालं नाही.

मी तेव्हा परभणीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे झाकून ठेवायचो. खोलीला एसी, चपला दाराबाहेर, दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार. तुम्हीही अशी एखादी खोली पाहिली असेलच. पोरांपेक्षा पाहुण्यांनीच ते मशीन जास्त पाहिलं.

एके दिवशी गुरुजी चक्क पाय धुऊन आत आले. बगलेत एक जुनं परदेशी पुस्तक. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरल्यावर पांढऱ्यानं कसं जिंकायचं, त्याची कोडी. इंग्रजी बेताचंच, पण चाली कळायच्या. त्यात लाल शाईनं चौदा चुका काढलेल्या. गोऱ्या उस्तादांचं नशीब, की त्यांना झरीची शाळा लाभली नाही.

चौदा ठिकाणी चूक एकच. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं गेलं, की गुरुजी शेजारी 'छपाईची चूक' लिहून त्याला एक घर मागं आणायचे. ते निजामाच्या काळात आजोबांकडून देशी डाव शिकलेले, आणि देशी डावात प्यादं एकच घर चालतं. त्या एका घरापायी जिंकलेला डाव बरोबरीत सुटायचा.

प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, हे पिंगळी स्टेशनवरचे तिकीटबाबू त्यांना सांगत होते. दर रविवारी दोघांचा डाव रंगायचा. एका रविवारी बाबूंनी प्यादं दोन घरं नेलं, तेव्हा गुरुजींनी त्यांना भर फलाटावर लबाड म्हटलं आणि जाणंच बंद केलं. पाच वर्षं! विद्यापीठाच्या नामांतरावरून बोलणं तुटलेली माणसं गावात होती. या दोन विद्वानांचं प्याद्याच्या एका घरावरून तुटलं. दुसरं कुणी खेळायला नव्हतं. मग रविवारी गुरुजी एकटेच दोन्हीकडून खेळत बसायचे.

"पुस्तक चूक हाय, असा तुमच्या मशीनचा कागद द्या," ते म्हणाले. "बाबूला पोस्टानं धाडायचाय."

आमच्याकडं फ्लॉपीवर बुद्धिबळाचा प्रोग्राम होता. पहिलं कोडं घातलं. दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा मशीननं चाल दाखवली: प्यादं, दोन घरं. मशीन बिघडलंय, असा गुरुजींचा निकाल. चौदाही कोडी घालायला लावली, आणि चौदाही वेळा मशीन पुस्तकासारखंच बोललं. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि लाज वाटली.

"पाच वर्षं लय झाली हो," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी कागद पोस्टात न टाकता ते स्वतःच पिंगळीला निघाले; साक्षीला मला घेतलं. बाबू तिकीट खिडकी लावून बाहेर आले. गुरुजींनी कागद पुढं केला आणि त्यावर लाल पेन ठेवलं.

"चूक माजी हाय. दुरुस्त करून घ्या."

बाबूंनी पेन गुरुजींच्या खिशाला परत लावलं. आतून पट आणला, बाकावर मांडला, पांढऱ्या सोंगट्या स्वतःकडं घेतल्या. आणि पहिलंच प्यादं एकच घर चालवलं.

गुरुजींनी हात लांब करून ते प्यादं आणखी एक घर पुढं सरकवलं.