न जोडलेला पेट्रोलचा काटा

मंडळी, मी रेल्वेत इलेक्ट्रिकलला आहे. वायर जोडली की करंट जातो, नाही जोडली की जात नाही — माझं आजवरचं अध्यात्म एवढंच. चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की मी चहा घ्यायला उठतो. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण बायको म्हणाली, जसं घडलं तसं लिहून टाका.

गोष्ट आमच्या काकांच्या लग्नाची आहे. हो, काकांच्याच! वय अडुसष्ट. जबलपूरला रांझीत राहतात, संरक्षण कारखान्यातून रिटायर झाले. आई-वडिलांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. मागच्या वर्षी सकाळच्या फिरण्यात शैलाताई भेटल्या — बासष्ट वर्षांच्या, सरकारी ऑफिसातून निवृत्त, एकट्याच राहणाऱ्या. आणि दिवाळीनंतर काकांनी घरात जाहीर करून टाकलं.

काकांकडे एक लाल, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तरुणपणी बदली होऊन चाललेल्या एका फौजी अफसराकडून घेतलेली. इंजिन त्यांनी जिवापाड जपलं, पण डॅशबोर्डवरचे मीटर पार गेलेले. काचा तडकलेल्या, आकडे उडालेले.

"नाही झाली गाडी तयार तर ऑटोनं जाऊ," काका म्हणाले.

शैलाताई म्हणाल्या, "अच्छा? ऑटोनं मी पस्तीस वर्षं ऑफिसात गेले. लग्नाला नाही जाणार."

झालं! इंग्लंडहून हुबेहूब जुन्यासारखे, नवीन बनवलेले मीटर मागवले. तेच अक्षर, काचेभोवती तीच चकचकीत कडी. लग्नाच्या आदल्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि शेडमध्ये डॅशबोर्डखाली उताणा झोपलो. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे सगळं उलटं. काका शेजारी बसून एकेक नट हातात देत होते. स्पीडचा, तेलाचा, पाण्याच्या तापमानाचा — तिन्ही बसले. काका प्रत्येक काचेवर फडकं मारत होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते.

राहिला पेट्रोलचा. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, तो या काट्याला सांगतो पेट्रोल किती आहे. जुना फ्लोट भोक पडून बुडालेला, आणि नवीन पार्सलमध्ये आलाच नव्हता. म्हणून मी टाकी पूर्ण रिकामी करून पेट्रोल कॅनमध्ये काढलं, जुना फ्लोट बाहेर काढला आणि टाकीवर त्याच्या उघड्या पडलेल्या जागी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून कापून आणलेली पत्र्याची चकती घट्ट बसवली. मीटर फक्त शोभेला लावला. त्याच्या दोन्ही वायरींच्या टोकांना मी स्वतः टेप गुंडाळला. हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी काका सिल्कच्या कुर्त्यात, शैलाताई मोरपंखी साडीत, लाल गाडीतून रजिस्टर लग्नासाठी कलेक्टोरेटला. मागून आम्ही नवरा-बायको आमच्या गाडीत. सह्या झाल्या, पेढे वाटले, हार गळ्यात ठेवूनच दोघं भेडाघाटला निघाले. रस्त्यात बाइकवाले "बधाई हो अंकल!" ओरडत होते आणि काका दर वेळी हॉर्न वाजवून उत्तर देत होते.

भेडाघाटला उतरल्यावर काका खुशीत म्हणाले, "मीटर मस्त लावले रे तू! पेट्रोल अर्ध्यावर आहे अजून."

मी म्हटलं, "काका, तो काटा चालतच नाही. वायरच जोडली नाही."

"काहून नाही चालत? सकाळपासून पाहून राहिलो मी."

मी चावी फिरवली. काटा शून्यावरून हळूच उठला आणि अर्ध्यावर जाऊन थांबला. चावी बंद केली... खाली आला. पुन्हा चालू, पुन्हा अर्ध्यावर. मी खाली वाकून हात घातला. दोन्ही वायरी लोंबत होत्या, टेप तसाच.

मग मला एकदम दुसरंच आठवलं.

"काका, सकाळी टाकीत पेट्रोल ओतलं ना?"

"मी? तू ओतणार होता ना!"

"तुम्ही म्हणाले होते, सकाळी मी बघतो."

"अरे, मी सकाळी दाढी करून राहिलो होतो!"

टाकीचं झाकण उघडून मी एक लांब काडी तळापर्यंत घातली. कोरडी निघाली. पुन्हा घातली. कोरडीच. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर ही गाडी फार तर रांझीच्या चौकापर्यंत जाते. इथे तर तीस-पस्तीस किलोमीटर झाले होते! बायको माझ्याकडे बघत होती, मी काडीकडे.

"पंपावरून पेट्रोल घेऊन येतो," मी म्हटलं.

शैलाकाकूंनी शांतपणे हार सारखा केला आणि गाडीत जाऊन बसल्या. "काही नको आणू. आली तशी जाईल. चलो जी."

काकांनी स्टार्टर मारला. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. परतीच्या रस्त्यात काकू दोन्ही हात वर करून काहीतरी गात होत्या, त्यांचा पदर वाऱ्यावर उडत होता, आणि मागे मी घाम पुसत गाडी चालवत होतो. आता बंद पडेल, मग बंद पडेल... नाही पडली. रांझीला पोचल्यावर मी आधी शेडमध्ये पळालो. कॅन काठोकाठ भरलेला, जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा शून्यावर होता आणि गाडी काही केल्या चालू होईना. कॅनमधलं पेट्रोल ओतलं, तेव्हा झाली.

टाकीत कुठे खोलगट जागा असेल, कंपनामुळे काटा हलला असेल — जे जे सुचलं ते सगळं तपासलं. ऑफिसातल्या सीनियरना विचारलं. ते म्हणाले, सुट्टी घे थोडी. खरं सांगू? उत्तर शोधणं मी सोडून दिलंय.

पंधरा दिवसांनी फ्लोट आला. बसवला, वायरी जोडल्या, काटा एकदम बरोबर चालायला लागला. काकूंनी वाकून पाहिलं आणि जरा हिरमुसल्या.

"अच्छा," म्हणाल्या, "म्हणजे आता हा जेवढं आहे तेवढंच दाखवणार."