तोडकऱ्याचा ससा

रस्त्यानं जाताना उसाच्या जळत्या पाचटाचा वास आला की तो ससा आठवतो. तीस वर्षांत हे कुणाला बोललो नाही.

आमच्या उसाचा शेवटचा पट्टा तोडताना ससा बाहेर पळाला आणि तोडकरी किसननं कोयता फेकून तो टिपला.

"मालक, खोपीत बायको बाळंत झालीय. आज रस्सा पाजतो तिला," तो हसत म्हणाला.

"शेत आमचं, ससाबी आमचाच," मी म्हणालो. त्यानं मुकाट्यानं दिला.

आमच्या घरात अंडंही चालत नाही. ससा अजून ऊन होता. बांधापलीकडं जाऊन मी तो ओढ्यात फेकला.

दुसऱ्या दिवशी किसननं विचारलं, "मालक, झालता का चांगला?"

"व्हय, लई चांगला झालता," मी म्हणालो.