बगळीची तीन थानं

मार्थाबाई गोष्ट सांगायच्या ती मोजून. कोळ्याची गोष्ट दोनशे दोऱ्यांची, आभाळातल्या विणकर पोरीची चारशेची आणि बगळीची सहाशेची. भिंगारच्या साळी आळीत ज्या ज्या घरी माग होता, त्या घरच्या पोरासोरांनाही हे माप ठाऊक होतं.

कारण साधं होतं. मागावरचं कापड विणून संपलं, तरी साळी फणीतले दोरे ओढून काढत नाही. वीतभर टोकं तशीच लोंबत ठेवतो. नवा ताणा, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा संच, आला की त्याचा एकेक दोरा जुन्या टोकाला पीळ देऊन सांधायचा, म्हणजे अख्खा ताणा फणीतून अलगद पुढे सरकतो. लुगड्याच्या पन्ह्याला असे दोन हजारांवर दोरे. बोटांना राख लावायची, मागापुढे मांडी घालून बसायचं आणि दीड दिवस उठायचं नाही. हे काम मार्थाबाईंचं, आणि एक गोष्ट संपेपर्यंत जितके दोरे सांधून होतात तेच तिचं माप.

त्या मूळच्या श्रीगोंद्याकडच्या. शतक पालटताना मोठा दुष्काळ पडला, त्यात आईबाप गेले आणि पाच वर्षांची मार्था नगरला मिशनच्या बोर्डिंगात आली. तिथल्या विणकामाच्या वर्गात सांधताना मुली पेंगायच्या. त्यांना जागं ठेवायला मडम देशोदेशींच्या गोष्टी सांगायची, सगळ्या कापडाच्याच. मडम कधीच तिच्या देशी परतली. मार्थाबाईंचा नवरा थॉमस, चर्चची घंटा वाजवणारा, तोही जाऊन सहा वर्षं झाली. गोष्टी राहिल्या, आणि बोटांतला पीळ राहिला.

डोळे मात्र राहीनात.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लुगड्याचं अंग एकाच रंगाचं, तिथे बोटांवर भागायचं. काठ आला की पंचाईत. तांबडा आणि काळा दोरा बोटांना सारखाच लागतो. मागच्या वर्षी सहादेव साळ्याच्या मागावर त्यांनी काठातल्या एका तांबड्या टोकाला काळा दोरा सांधला, आणि ती काळी रेघ पहिल्या लुगड्यापासून शेवटच्या लुगड्यापर्यंत चालत गेली. सहादेव म्हणाला, "जाऊ द्या बाई, मानूस हाय." त्याची बायको भागूबाई त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

मग लढाईपायी सूत मिळेनासं झालं. आठ महिने माग उभाच राहिला, फणीतली टोकं तशीच लोंबत. माघात सहादेवाला कसंबसं एका ताण्यापुरतं सूत मिळालं. वैशाखात त्याच्या बनूचं लग्न होतं. ताण्यातलं पहिलं लुगडं तिचं.

मार्थाबाई दारात आल्या तेव्हा भागूबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सरळच सांगितलं, "मार्थाबाई, लेकीच्या अंगावरचं कापड हाय. आवंदा काठात एक जरी दोरा चुकला, तर फुडल्या ताण्याला मी दुसरी बाई बघीन. राग मानू नगा."

"राग कसला?" मार्थाबाई म्हणाल्या. हात धुतले, पुसले, आणि चुलीतली राख चिमटीत घेतली.

पहिला काठ सकाळच्या उन्हात झाला. दारातून ऊन थेट फणीवर पडत होतं. नाक दोऱ्याला लावून त्यांनी एकेक रंग ओळखला. पुढे अंग लागलं तशी कोळ्याची गोष्ट निघाली: आफ्रिकेतल्या रानात दोन भाऊ झाडाखाली बसून कोळ्याला जाळं विणताना पाहतात आणि घरी येऊन पहिला माग मांडतात. मग विणकर पोरीची. ती आभाळात कापड विणते, तिचा गुराखी नवरा चांदण्यांच्या नदीपलीकडे असतो, आणि वर्षातून एकदा पाखरं पंखांचा पूल बांधतात तेव्हाच त्यांची भेट होते.

"वर्सातनं एकदा?" आतून भाकरी थापता थापता भागूबाई म्हणाली. "सुखी हाय बया. रोज भाकऱ्या न्हाईत."

सोळा वर्षांची बनू रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिला हसू आवरेना. ह्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा शेवटचे सहाशे दोरे उरले होते. त्यांच्या टोकाला दुसरा काठ. ऊन दारातून निघून गेलं होतं. मार्थाबाईंनी बगळीची गोष्ट काढली. मडमनं सांगितलेला तो जपानातला पक्षी बगळ्याहून बराच मोठा होता म्हणे, पण मार्थाबाईंनी त्याची बगळीच केली होती.

"जपानी?" भागूबाई आतून डोकावली. "ते तर बाँब टाकत्यात!"

"ही बगळी लढाईच्या आधीची हो," मार्थाबाई म्हणाल्या.

गोष्ट अशी, की एक गरीब माणूस जखमी बगळीच्या पंखातला बाण काढतो. काही दिवसांनी एक मुलगी त्याच्या दारी येते आणि त्याची बायको होते. ती म्हणते, मी कापड विणीन, पण विणताना दार उघडून पाहायचं नाही. बंद खोलीत ती कापडाचं एक थान विणते, मग दुसरं, मग तिसरं, आणि दर थानामागे वाळत जाते.

"मग तिनं चौथं थान विणलं," मार्थाबाई म्हणाल्या. "पाचवं विणलं."

बनूचा हात कांडीवर थांबला. बगळी तीनच थानं विणायची. लहानपणापासून तीनच. तिनं मार्थाबाईंच्या बोटांकडे पाहिलं. बोटं काठातल्या एका दोऱ्याशी अडली होती. तो उचलत होती, सोडत होती, पुन्हा उचलत होती. हात मागे पडला होता, आणि तो मागे पडल्याचं कुणाला कळू नये म्हणून गोष्ट ताणली जात होती.

तिनं रहाट बाजूला सारला आणि ती मार्थाबाईंच्या समोर, फणीच्या पलीकडे येऊन बसली. फणीतलं तांबडं टोक उचललं, ताण्यातला तांबडा दोरा उचलला, आणि दोन्ही त्यांच्या चिमटीत ठेवले. मग काळ्याला काळा.

मार्थाबाईंची बोटं तिथेच थबकली.

"का वो, गोष्ट का थांबली?" भागूबाईनं आतून विचारलं.

"बगळी दमली जरा."

"तिच्या नवऱ्यानं दार उघडलं, आये," बनू म्हणाली. आणि अगदी हळू, फक्त मार्थाबाईंना ऐकू जाईल असं, "मावशी, म्या काय बी बघितलं न्हाई."

मार्थाबाईंनी पीळ दिला. पुढचे दोन दोरे चिमटीत आले. पुढचे दोन. गोष्टही पुढे निघाली: नवरा दार उघडतो, आत बायको नसते, एक उघडीवाघडी बगळी स्वतःचीच पिसं उपटून, धोट्याला लावून कापडात विणत असते. दिसली, म्हणून तिला जावं लागतं. ती आभाळात गेली तेव्हा फणीत एकच टोक उरलं होतं. बनूनं तेही त्यांच्या चिमटीत दिलं.

भागूबाई हात पुसत आली. काठावरून तिनं बोट फिरवलं, वाकून रंग पाहिले. एकदा या टोकाकडून, एकदा त्या.

"बराबर हाय."

इथे गप्प राहिलं असतं तर पुढचा ताणा मार्थाबाईंचाच होता. त्यांनी बोटांवरची राख पदराला पुसली.

"भागूबाई, हा काठ माझ्या हातचा नाही. रंग बनूनं दिले. मला आता तांबडं-काळं कळत नाही. तुम्ही दुसरी बाई बघा."

भागूबाईनं काठावरचं बोट उचललं.

"गेल्या बारीला, बनू घरी नव्हती तवा, तुमच्या बगळीनं सात थानं इनली हुती," ती म्हणाली. "चुलीपाशी बसून म्या मोजली. तवाच कळलं मला. तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुते. वरीस गेलं!"

भागूबाईनं पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"लेकीचं सासर केडगावला हाय, काय जपानात न्हाई. ताना आला का बोलावीन तिला. ती रंग देईल, तुमी पीळ द्या. असा पीळ भिंगारात दुसऱ्या कुनाला येतोय?" मग लेकीकडे वळून, "आन् तू गं! शिकून घे सगळं. गोष्टी बी. न्हाई तर दोरं मोजायचं कशावर?"

"मला येत्यात," बनू म्हणाली.

"कोळ्याची सांग बरं," मार्थाबाई म्हणाल्या. "दोनशेची आहे. मी मोजते."

बनूनं कांडी पुन्हा हातात घेतली, रहाट फिरवला, आणि सांगू लागली: आफ्रिकेच्या रानात दोन भाऊ होते. मार्थाबाई डोळे मिटून बसल्या. समोर दोरा नव्हता, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती.