दादा आणि डावखुरा

व्हॅसलीनचा वास आला की मला सक्करदऱ्याजवळचा तो हॉल आठवतो, कारण राज्य स्पर्धेच्या वेल्टरवेट वजनगटाच्या फायनलआधी ठोशांनी फाटू नयेत म्हणून दादाच्या भुवयांना मीच ते चोपडत होते. मीही तेव्हा बॉक्सिंग खेळायचे आणि दादाच्या समोरच्याच्या सगळ्या लढती मोबाइलवर पाहिल्या होत्या. "तो डावखुरा हाये, हातही लांब हायेत. दुरूनच तो मारत राहीन तुले," मी म्हटलं. "तू आत घुस अन् बरगड्यांवर मार. तिसऱ्या राउंडले त्याचे हात खाली येतीन." दादानं विचारलं, "अन् तोवर?" "तोवर मार खावा लागीन." तो हसला. पहिल्याच राउंडमध्ये दादाची भुवई फाटली, दुसऱ्यात नाकातून रक्ताची धार लागली. तरी तो ठोसे खात आत शिरत होता आणि बरगड्यांवर हाणत होता. तिसऱ्या राउंडमध्ये डावखुऱ्याचे हात बरगड्या झाकायला खाली आले, आणि दादाचा उजवा ठोसा सरळ त्याच्या जबड्यावर बसला. डावखुरा तोंडावर पडला आणि हललाच नाही. सगळा हॉल ओरडत होता. दादाचा एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्यात रक्त उतरून त्याला नीट दिसत नव्हतं. दोरांवर वाकून त्यानं मला विचारलं, "उठला का वं तो?" डॉक्टर अजून डावखुऱ्यापाशी गुडघे टेकून बसले होते. "उठला," मी म्हटलं. तो खरंच उठला, पण बऱ्याच वेळानं, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. आता मी मुलींना बॉक्सिंग शिकवते. माझे अंदाज आजही बहुतेक बरोबर येतात, पण लढत संपली की मी आधी खाली पडलेल्या मुलीकडे धावते.